भाटघरचा चढ आणि खुर्शिदाबींची गाडी

खुर्शिदाबींच्या घरात उघडी वस्तू दिसायची नाही. टीव्हीला झालरीचं कव्हर, मिक्सरला फुलाफुलांचं, फ्रिजच्या मुठीला लोकरीचं. टेलिफोनच्या रिसीव्हरला तर असं गच्च झबलं शिवलेलं, की पलीकडचा माणूस गोधडीत तोंड घालून बोलतोय असं वाटावं. भोरात त्यांच्यासारखा शिवणारा हात दुसरा नाही, हे सगळी आळी म्हणायची. आळी विसरली तर खुर्शिदाबी स्वतः म्हणायच्या.

तर दोन हजार आठ साली त्यांच्या लेकानं, शाकिरनं, पुण्याहून विजेवरची स्कूटर आणली. तिला पेट्रोल नको, लायसन नको. आणायचं कारण शाकिरची सासू, भाटघरची नुजहत. ईदेला तिच्या दारात शाकिरच्या मोटरसायकलवरून उतरताना खुर्शिदाबींचा पाय अडकला, दोन माणसांनी धरून उतरवलं, तेव्हा ही बया दारातून हसत म्हणाली, "विहीणबाई, पुढच्या खेपेला टेम्पोच करा की!"

खुर्शिदाबींनी विहिणीसाठी आणलेला रश्श्याचा डबा तिथंच खाली ठेवला. "पुढच्या खेपेला माझी मी येईन. माझ्या गाडीवर, माझ्या हातानं."

आता बोलून बसल्या म्हटल्यावर गाडी आली. दोन दिवस मैदानात फेऱ्या मारल्या, पोरीसारखी पळाली. तिसऱ्या दिवशी खुर्शिदाबींनी तिला नटवलं. सीटला छापील कव्हर, आरशांना टोप्या, कारण मागचं बघून करायचंय काय? आणि दोन्ही मुठींना जांभळ्या मखमलीची, आत कापूस भरलेली, इलॅस्टिकची गच्च झबली.

चौथ्या दिवशी भाटघरच्या चढाला गाडीनं मान टाकली. बंद पडली असती तर निदान म्हणता आलं असतं बंद पडली. ही चालायची, अडायची, हुंदका द्यायची, परत चालायची. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली रतनबाई मागून आली, बरोबरीनं चालली, आणि पुढं निघून गेली.

जाताना वळून म्हणाली, "चाची, भारा ठिवून येऊ का ढकलायला?"

"तू तुझी बघ!" खुर्शिदाबी म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. तो सगळा गाडीला पुढं रेटण्यात चालला होता.

घरी शाकिरनं मान हलवली. "लोडशेडिंग हाय अम्मी, बॅटरी भरत नसंल." झालं, लाइट आली की आधी गाडी, मग मिक्सर. चटणी आठ दिवस पाट्यावर वाटली. गाडी तशीच. मग चाकात हवा भरली. गाडी तशीच. नुजहतनं येत्या रविवारी मासळीच्या जेवणाचं आवतण धाडलं, तेव्हा शाकिर म्हणाला, "रविवारी चढ चढली तर ठिवू. न्हाईतर सोमवारी दुकानदाराला परत. तो घेतो म्हणालाय."

परत म्हणजे नुजहतच्या दारात पुन्हा दोन माणसांनी धरून उतरवायचं. खुर्शिदाबींनी त्यापेक्षा उपाशी राहायचं कबूल केलं असतं.

शुक्रवारी शाकिरला बरोबर घेऊन गाडी मानसिंगकडे नेली. हा ट्रॅक्टर आणि पाण्याचे पंप दुरुस्त करायचा, कोपरापर्यंत काळा. म्हणून खुर्शिदाबींनी आधी गाडीची झबली, टोप्या, सगळं उतरवून घरी घडी घालून ठेवलं. मखमलीला ग्रीस लागलं तर निघतं होय?

मानसिंगनं प्लग शोधला, सापडला नाही. कार्बोरेटर शोधला, तोही नाही. "चाची, हिच्या पोटात काय बी न्हाई हो," म्हणत वर बसला आणि गेला. पाव तासात चढ चढून, उतरून, शीळ घालत परत.

"ठणठणीत हाय गाडी. आता बघा... मोटर हाय बारीक. वरचा माल जरा..."

"बोल की. माल काय?"

"न्हाई, जरा जास्त."

"म्या काय बटाट्याचं पोतं हाय व्हय रं? चल!"

त्यांनी त्याला दंडाला धरून समोरच्या धान्याच्या दुकानात नेला आणि पोत्यांच्या काट्यावर उभा केला. मानसिंग भरला ब्याण्णव किलो. मग पदर खोचून स्वतः चढल्या. शहाऐंशी. दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना आकडा दोनदा मोठ्यानं वाचायला लावला.

"आता बोल, माल कुणाचा जास्त?"

मानसिंग वाकून काटाच तपासायला लागला. शाकिर मात्र बोलून गेला, "मग अम्मी, ब्याण्णव किलोचा माणूस चढतो आन् तू चढत न्हाईस म्हंजे... तुला चालवताच येत न्हाई."

वजनाचं बोलणं बाई गिळते. हे नाही गिळत. 

रविवारी सकाळी त्यांनी गाडी पुन्हा नटवली. विहिणीकडे जायचं म्हणजे उघड्यानागड्या गाडीवर का जायचं? मागच्या अंधाऱ्या पडवीत गाडीवर बसल्या, चावी फिरवली, सवयीनं मान वळवून मागं बघितलं आणि किंचाळल्या. त्यांची पांढरी कोंबडी लालभडक झाली होती.

"हाय अल्ला, मांजरानं धरली!"

चावी बंद करून धावल्या. कोंबडी पांढरी. परत येऊन चावी फिरवली. कोंबडी लाल. बंद, पांढरी. चालू, लाल. कोंबडीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, ती दाणे टिपत होती.

मग खुर्शिदाबींनी गाडीला वळसा घातला. मागचा लाल दिवा जळत होता. तो तर ब्रेक दाबल्यावर लागतो, आणि ब्रेकला कुणाचा हात नाही. हात नाही, पण मखमल होती! त्यांनी एका मुठीचं झबलं ओढून काढलं. दिवा तसाच. दुसरंही काढलं. दिवा गेला. झबलं शिवताना मूठ आणि ब्रेकची दांडी एकातच कोंबली होती. इलॅस्टिकनं ती आवळून धरली होती, गाडीला हादरा बसला की तेवढीच क्षणभर सुटायची. ब्रेक जरासा दाबला तरी मोटर आपण होऊन थांबते, हे शाकिरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे इतके दिवस एका हातानं घोड्याचा लगाम ओढायचा आणि दुसऱ्यानं चाबूक हाणायचा, असला कारभार चालला होता. मानसिंगनं चालवली तेव्हा घोडा मोकळा होता.

त्यांनी इकडं-तिकडं बघितलं. कोंबडीशिवाय साक्षीला कुणी नव्हतं.

"बोललीस तर रस्सा करीन," खुर्शिदाबींनी तिला हळूच सांगितलं.

बाहेर शाकिर मोटरसायकल घेऊन उभा होता. मागं जाड दोर बांधलेला. गाडी अडली की ओढायला.

"अम्मी, मुठींची झबली कुठं गेली?"

"धुवायला टाकलीत. चल, मागं रहा. पुढं येऊ नकोस."

आणि गेल्या. वाटेत पुलाजवळ जरा श्वास रोखला, चढ लागला तेव्हा डोळे बारीक केले, पण गाडी हळूहळू का होईना, हुंदका न देता वर चढत राहिली. रतनबाई आज खाली उतरत होती. तिनं भाऱ्यासकट वळून बघितलं. खुर्शिदाबींनी हॉर्न दिला. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं, तरी दिला.

नुजहत दारातच होती. खुर्शिदाबी गाडीवरून पाय न अडकता उतरल्या, पदर झटकला.  नुजहतची नजर मागून आलेल्या शाकिरवर गेली.

"जावईबापू, दोर कशाला आणलाय वो?"

शाकिरनं आईकडे बघितलं.

"त्याची मोटरसायकल जुनी झालीया," खुर्शिदाबी म्हणाल्या. "वाटेत बसली तर ओढून आणावी लागंल. आता घरात मोठं म्हंजे आमीच की."

एवढं बोलून त्या आत गेल्या आणि कुणी या म्हणायच्या आत मासळीच्या पातेल्याचं झाकण उघडून बघितलं.

"मीठ कमी हाय, नुजहत."