कुंकवाखालचा फुगवटा

जालन्याच्या मोटार-अड्ड्यावर मी तिकिटं फाडायचो. उतारू जमेपर्यंत बसून काय करणार, म्हणून खिशात एक चोपडी ठेवली होती. कोणत्या दुकानातून दुरुस्त होऊन निघालेली मोटार स्वतःच्या चाकांवर परत आली आणि कोणती बैल जुंपून ओढत आणावी लागली, एवढंच तीत लिहायचो. सहा महिन्यांत रामकिसन मिस्त्रीच्या हातच्या अकरा मोटारी निघाल्या. सात बैलांमागं आल्या. दुसरा मिस्त्री कचरू, त्याच्या नऊ निघाल्या. बैलांना एकदाही तसदी पडली नाही.

तरी गर्दी रामकिसनकडंच. त्याच्याकडं खुर्ची, आरसा, चहा आणि "या मालक, बसा." कचरूकडं लिंबाची सावली आणि शिव्या. काम झालं की कचरू तुटका भाग फडक्यात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचा, "बघ, हे मेलं होतं." रामकिसननं काढलेलं जुनं सामान मात्र कुणी कधी पाहिलं नाही. हा फरक मला पक्का ठाऊक होता. बोललो नाही, कारण दुपारचा चहा मी रामकिसनच्याच खुर्चीत बसून घ्यायचो.

लढाईचे दिवस. नवा टायर परवान्याशिवाय मिळत नसे, आणि परवाना वशिल्याशिवाय. केदारखेड्याचा भुजंगराव जालना ते शहागड मोटार चालवायचा. त्याच्या लेकीचं, ताराचं, लग्न शहागडला होतं आणि वऱ्हाड त्याच मोटारीनं जायचं होतं. आदल्या दिवशी एका हातात लग्नाच्या अक्षता आणि दुसऱ्या हातानं पुढचं डावं चाक ढकलत तो कचरूकडं आला.

कचरूनं टायरच्या आतून बोट फिरवलं. "धागे तुटलेत. ह्याच्या वहाणा शिवून घे."

"उद्या वऱ्हाड हाय, कचरूभाऊ. कायतरी जोड."

"जोडतो की. मंग वऱ्हाड न्हाई, मयत घेऊन जाशील."

हातात अक्षता असलेल्या बापाला हा शब्द! भुजंगरावनं अक्षता परत कनवटीला लावल्या. "ज्याच्या जिभेवर मयत, त्याचा हात माझ्या लेकीच्या मोटारीला लागायचा न्हाई," म्हणाला आणि चाक तसंच ढकलत रामकिसनकडं गेला.

"बिलकुल फिकीर करू नका, भुजंगराव. घरचं लगीन हाय."

दोन चहा होईस्तोवर टायर तयार. आतून दुसऱ्या टायरचा तुकडा, बाहेरून काळं पॉलिश. दुसरा चहा माझा होता.

सकाळी वऱ्हाड जमलं. मलाही आमंत्रण होतं. रामकिसननं स्वतःच्या हातानं चाकाला कुंकू लावलं. बायकांना मोठं कौतुक वाटलं. बाकीची तीन चाकं सोडून एकालाच, तेही एकाच जागी, चांगलं जाड. मी वाकून पाहिलं. कुंकवाखाली रबर आवळ्याएवढं फुगलं होतं.

"रखमाजीभाऊ, काय बघून राह्यले? चढा जल्दी," रामकिसन हसत म्हणाला.

आमच्या अड्ड्याची एक रीत होती. चाक ज्यानं बांधलं, त्यानं पहिल्या फेरीला पुढं बसायचं, निदान अंबडपर्यंत. रामकिसन ऐटीत बसला. गाव संपलं, करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका आला, तसा तो म्हणाला, "थांबवा मालक. दुकान उघडंच राह्यलं." उतरला आणि मागं वळून न पाहता चालू लागला.

माझ्या ओठांवर शब्द आला होता. चहासारखा गिळला.

मागून तारा उठली. हळदीचं लुगडं सावरत खाली उतरली.

"बस वर, तारा. मुहूर्त चुकल."

"चाक बांधणारा का उतरला, आबा?"

"दुकान उघडं हाय त्याचं."

"न्हाई. कुलूप लावून किल्ली कमरेला खोसली त्यानं. म्या बघितलं."

एक-एक करून वऱ्हाड उतरू लागलं. भुजंगरावचा चेहरा पडला. तो माझ्याकडं वळला. "रखमाजी, तू रोज असतोस तिथं. सांग हिला, रामकिसनचं काम कसं हाय?"

चोपडी खिशात होती. सगळे माझ्याकडं बघत होते.

"चांगलं हाय," मी म्हणालो.

"ऐकलं?" भुजंगराव म्हणाला. "तरी थांब. मी एकला नाल्यापर्यंत जाऊन येतो. मंग तर बसशील?"

"आबा, नका जाऊ."

मोटार गेली. नाल्याचा उतार वळणाआड होता, दिसत नव्हता. नुसता आवाज येत होता. तारा तो आवाज कान देऊन ऐकत होती, आम्हीही. मग सुरुंगासारखा बार झाला. पत्रा घासल्याचा आवाज, आणि त्यानंतर काहीच नाही. बाभळीवरचे होले उठून गेले.

मागून घुंगरं वाजली. कचरू खांद्यावर दोर टाकून बैलजोडी हाकत येत होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"आत कोण हाय?" त्यानं मला विचारलं.

"भुजंगराव. एकलाच."

कचरूनं ताराकडं पाहिलं, खांद्यावरचा दोर उतरवून रस्त्याकडेला टाकला. "बैलं राहू दे," तो म्हणाला. "नाक्यावरची बाज उचल."

मी बाजेचं एक टोक धरलं. दुसरं टोक ताराच्या हातात होतं.