भोंगाकाकांची पायरी

माझे वडील काचा बसवायचे. खिडक्यांच्या, कपाटांच्या, तसबिरींच्या. सगळा बाजार त्यांना काचवाला म्हणायचा, आणि रागावली की आईसुद्धा. "अहो काचवाले, जेवायला येताय की ताट झाकून ठेवू?" पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. जवसाच्या तेलात खडूची पूड मळून बाबा पुट्टी करायचे आणि तिचा वास आमच्या उशांना, टॉवेलांना, माझ्या केसांनाही यायचा. शाळेत मुली नाक मुरडायच्या. आता मी साठी ओलांडली आहे, पण कुठे जवसाच्या तेलाचा वास आला की पाय जागच्या जागी थांबतात आणि वाटतं, पडद्यामागून आई हाक मारेल.

शनिवारी संध्याकाळी बाबा काडीने नखांतली पुट्टी काढत बसायचे. दुसऱ्या दिवशी उपासना असायची ना. आमचं प्रार्थनाघर सुतारांच्या गल्लीच्या टोकाला होतं. पत्र्याचं छप्पर, डुगडुगणारे बाक, आणि मंडळी तरी केवढी, एका लग्नाच्या वऱ्हाडापेक्षाही कमी. वाजवायला वाद्य नव्हतं, पण भोंगाकाका होते.

भोंगाकाका म्हणजे आमच्या दुकानांच्या रांगेतले बेकरीवाले, बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांचा आवाज असा होता की पहिली ओळ त्यांनी उचलली की पत्रा थरथरायचा. त्यांच्यासमोर माइक ठेवणं म्हणजे समुद्रात घागर ओतणं. बाबांच्या गळ्यात मात्र सूर नावालाही नव्हता. ते मुद्दाम काकांना चिकटून उभे राहायचे. म्हणायचे, "ह्याच्या शेजारी उभं राहिलं की माझं बेसूर देवालासुद्धा ऐकू जात नाही." घरी परतताना काका आम्हाला गरम पाव द्यायचे, आणि मी तो हातात नाचवत, फुंकर मारत घरापर्यंत आणायची.

मग राज्य बदललं. नव्या राज्यकर्त्यांना आमची श्रद्धा खुपायला लागली. आधी प्रार्थनाघराची पाटी गेली, मग दाराला कुलूप लागलं, मग आमच्या पाळकांना उचलून नेलं. ते कुठे आहेत ते कुणी सांगेना. त्यानंतर आमच्या लोकांच्या घरांवर दगड यायला लागले. बाबा सकाळी काचा पाठीला बांधून निघायचे आणि मंडळीतल्या घराघरांत तावदानं बसवून यायचे, एक पैसा न घेता.

"देवानं एवढी गिऱ्हाइकं एकदम कधी पाठवली नव्हती," ते म्हणायचे.

आई हसायची नाही.

शेवटी फर्मान निघालं. आमच्यातल्या प्रत्येक दुकानदारानं बाजार कचेरीपुढच्या चौकात यायचं आणि सगळ्यांसमोर एकच वाक्य म्हणायचं, "मी ही श्रद्धा सोडली आहे." म्हटलं की दुकान चालू. नाही म्हटलं तर तुरुंग.

आदल्या दिवशी आईबाबा स्वयंपाकघरात बसले होते. मी तेव्हा नुकतीच शाळा संपवली होती. शिक्षिका व्हायचं डोक्यात होतं, म्हणून शिक्षिकांच्या प्रशिक्षणवर्गाच्या प्रवेशाची वाट पाहत होते. आई भाजी चिरत होती, पण सुरी जागच्या जागीच फिरत होती.

"एक वाक्य तर आहे," ती म्हणाली. "तोंडानं म्हणायचं. मनात देव आहेच की. तो काय समजून घेणार नाही?"

बाबा म्हणाले, "लग्नात मी तुला दिलं तेही एक वाक्यच होतं."

आईनं सुरी खाली ठेवली. उठून तिनं बाबांचा जाड स्वेटर काढला आणि त्याचं सुटलेलं बटण शिवायला घेतलं. मला त्यातच सगळं समजलं.

चौकात सारा बाजार लोटला होता. बाबांच्या आधी भोंगाकाकांचं नाव पुकारलं गेलं. ते माइकपुढे गेले. घरी त्यांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली होती, चार लेकरं होती, भट्टीवर सगळं घर चालत होतं. त्यांनी ते वाक्य म्हटलं. पण इतकं हळू, की कचेरीच्या साहेबांना ऐकूच गेलं नाही. "पुन्हा," साहेब म्हणाले. ज्या माणसाच्या आवाजानं पत्रा थरथरायचा त्याला माइक असूनही दोनदा बोलावं लागलं. नंतर ते मान खाली घालून गर्दीतून निघून गेले. आमच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मग बाबा. त्यांच्या पाचावर धारण बसली होती, लांबूनही गुडघे कापताना दिसत होते. ते म्हणाले, "साहेब, एवढं सोडून काहीही सांगा. तुमच्या कचेरीच्या सगळ्या काचा फुकट बसवून देतो." लोक हसले. क्षणभर साहेबांच्याही ओठांचा कोपरा हलला. "पण येशूला मी कसा सोडू? त्यानं मला कधी सोडलेलं नाही." मग कुणी हसलं नाही. दोघांनी त्यांना दंडाला धरून गाडीत घातलं. आई माझा हात इतका घट्ट धरून उभी होती की घरी आल्यावरही माझ्या मनगटावर तिची बोटं उमटलेली होती.

बाबांच्या पाठोपाठ माझी पाळी आली. शिक्षिकांच्या वर्गाच्या मुख्य बाई तशा चांगल्या होत्या. त्यांनी मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. "वडिलांचं मला पटत नाही, एवढं म्हण. बाकी मी बघून घेते." त्यांच्या टेबलावर ताजी फुलं होती. मला मात्र चौकात कापणारे बाबांचे गुडघे दिसत होते. मी म्हटलं, "बाई, मला घरी जायचंय." बाहेर आले आणि रडत घरी गेले. माझ्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. फक्त ते वाक्य घशातून वर येईना.

आईनं दुकान बंद ठेवलं नाही. बाबांची काच कापायची हिरकणी, टोकाला हिऱ्याचा कण असलेली, तिनं हातात घेतली आणि मला म्हणाली, "चल, बघू तरी." पहिली काच आम्ही वाकडी कापली, दुसरीचे तुकडे झाले, तिसरीनं आईचा अंगठा कापला. पण हळूहळू कानाला समजायला लागलं. हिरकणी नीट चालली की नवं कापड फाडल्यासारखा बारीक, सलग आवाज येतो. एकदा ओढलेल्या रेघेवरून पुन्हा हात फिरवायचा नाही, नाहीतर काच दगा देते. उघडपणे आमच्याकडे कुणी येत नव्हतं. लोक तावदानाचं माप सांगून जायचे आणि अंधार पडला की माल न्यायचे.

रविवारी पडदा ओढून आम्ही दोघी, मंडळीतल्या सुतारकाकू आणि कधी आणखी कुणी, प्रार्थनेला बसायचो. गाणी ओठांतल्या ओठांत म्हणायचो. आवाज काढायची सोय नव्हती, पण तसं गाणं मी पुढे कधी ऐकलं नाही. आधी आई बाबांची बायको म्हणून मंडळीत यायची. आता ती डोळे मिटून बसली की वाटायचं, हिचं आणि देवाचं काहीतरी खासगी बोलणं चाललंय, आपण मध्ये पडू नये.

फक्त एका बाबतीत ती दगड झाली होती. भोंगाकाका समोरून आले की रस्ता ओलांडायचे आणि आई तोंड फिरवायची. आमच्या रांगेतली बेकरी सोडून ती लांबच्या बाजारातून पाव आणायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "त्याच्या हातचा घास माझ्या घशाखाली उतरायचा नाही."

बाबा सुटून आले तेव्हा दारात कोण उभं आहे तेच मला पटकन कळलं नाही. स्वेटर तोच, पण आतला माणूस अर्धा. एका कानानं ऐकू येत नव्हतं. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती. आईनं त्यांना खुर्चीत बसवलं, गरम पाण्यानं पाय धुतले, आणि तिथेच जमिनीवर बसून त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. बाबांनी दुकानाकडे नजर टाकली. भिंतीला टेकलेल्या कापलेल्या काचा पाहून म्हणाले, "माझ्यापेक्षा सरळ कापताय की गं. आता मला कामावर ठेवाल का?"

पहिल्याच रविवारी ते म्हणाले, "भोंग्याकडे जाऊन येतो."

"कशाला?" आई उसळली. "जखमेवर मीठ चोळायला?"

"कुणाच्या?" बाबांनी विचारलं.

त्यांचा तोल जायचा, म्हणून मीही सोबत गेले. दार काकूंनी उघडलं, बोटभर. "ते घरात नाहीत." आत कुणीतरी खोकत होतं आणि तो खोकला सगळ्या गल्लीच्या ओळखीचा होता. बाबा म्हणाले, "असू दे वहिनी. बसतो थोडा वेळ." आणि ते पायरीवर बसले. तासाभरानं उठले. "येतो हं वहिनी."

पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही. मला लाज वाटायची. छळ सोसून आलेल्या माझ्या बापानं त्या माणसाच्या दारात भिकाऱ्यासारखं का बसावं? पण बाबा निवांत असायचे. जाणाऱ्या-येणाऱ्याची विचारपूस करायचे. थंडी पडली तेव्हा काकूंनी न बोलता पायरीवर एक गोधडी आणून ठेवली. दार मात्र उघडलं नाही.

एका दुपारी ते उघडलं. भोंगाकाका उंबरठ्यात उभे होते, कोपरापर्यंत पीठ. केस सगळे पांढरे झाले होते.

"का येतोस रे?" ते म्हणाले. आवाज फाटला होता. "मला लाजवायला येतोस? सगळ्यांना ठाऊक आहे, तू टिकलास, मी पडलो. आणखी काय पाहिजे?"

"बस," बाबा म्हणाले. "ह्या बाजूला बस, त्या कानानं ऐकू येत नाही."

काका बसले. बाबा समोर बघत बोलत होते. मी मागे दाराला टेकून उभी होते. मी तिथे आहे हे बहुतेक ते विसरले होते.

"आत त्यांनी माझी बोटं मोडली, तेव्हा मी गप्प राहिलो. मग एकदा साहेब येऊन म्हणाला, तुझ्या पोरीला कुठे घेत नाहीत, तुझ्या हट्टापायी तिचं आयुष्य गेलं. तो गेला आणि मी संपलो बघ. भर दुपारी उठलो आणि दारावर मूठ मारायला लागलो. ते वाक्य म्हणायचं ठरलं होतं. तोंडपाठ होतं."

"मग?" काकांनी विचारलं.

"कुणी आलंच नाही. पहारेकरी जेवायला गेला असेल. मी मारतोय, मारतोय, दार ढिम्म. दमून तिथेच बसलो आणि रडलो. रडता रडता प्रार्थना कधी सुरू झाली तेच कळलं नाही. बऱ्याच वेळानं तो आला, म्हणाला, काय पाहिजे? मी म्हटलं, पाणी."

गल्लीत कुणीतरी बादली आपटली. काका हलले नाहीत.

"तुझ्या वेळी साहेब समोर होता, माइक तयार होता. माझ्या वेळी पहारेकरी जेवत होता. मी टिकलो नाही रे, मला टिकवलं. हे सांगायला येत होतो. तू दारच उघडेनास."

भोंगाकाकांनी पिठाच्या हातांनी तोंड झाकलं आणि ते लहान मुलासारखे रडले. माझ्यापायी बाबा त्या दारापर्यंत गेले होते, आणि घरी आल्यावर माझ्याशी त्याबद्दल एक शब्दही बोलले नव्हते. मला वाटत होतं माझे वडील पोलादाचे आहेत. ते तसे नव्हते हे समजलं आणि त्यांच्याबद्दलची माया दुपटीनं वाढली.

थोड्या वेळानं बाबांनी एक जुनं गीत उचललं. भर रस्त्यावर. सूर नेहमीप्रमाणे भलतीकडेच.

"चुकतोयस," काका नाक पुसत म्हणाले.

"मग तू सांग."

आणि काकांनी गायला सुरुवात केली. आधी घोगरं, मग मोकळं. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. एक धाडकन बंद झाली.

ती बातमी कचेरीत पोचायला कितीसा वेळ लागणार? त्याच आठवड्यात काकांना बोलावणं आलं. पुन्हा तेच वाक्य पुढे ठेवलं गेलं. या वेळी ते नाही म्हणाले, आणि असं म्हणाले की रस्त्यावर ऐकू आलं. त्यांच्या म्हाताऱ्या आईचा तोवर शांतपणे शेवट झाला होता. त्यांना काही महिने आत ठेवलं, भट्टीला सरकारी सील लागलं. सुटले तेव्हा हाताला काम नव्हतं. बाबा त्यांना थेट आमच्या दुकानात घेऊन आले.

आईनं मान वर केली. तिनं काकांकडे पाहिलं, मग पुट्टीच्या परातीकडे. "पीठ मळता येतं ना," ती म्हणाली, "मग हेही येईल. तेल बेतानं घाला." आणि आत चहा ठेवायला गेली. तशी मऊ, एकसारखी पुट्टी आमच्या दुकानात ना आधी झाली ना नंतर.

काळ पालटला. प्रार्थनाघराचं कुलूप निघालं, पाळक मात्र परतले नाहीत. त्यांची कबरही आम्हाला सापडली नाही. भट्टी पुन्हा पेटली. बाबा आणि काका दोघेही पुढे आपापल्या घरी, आपल्या माणसांत वारले. मी शिक्षिका झाले नाही. मी काचा कापल्या, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

शेवटी शेवटी आई खिडकीशी बसून असायची. एकदा मी तिला विचारलं, त्या दिवसांची आठवण येते का?

"ते दिवस मेले परत नकोत," ती म्हणाली. मग रस्त्याकडे बघू लागली. "माणसं मात्र तीच हवी होती गं."