जाड पट्टी

"बदरुभाई, जरा धरा हिकडून. घोड्याला धक्का लागला न्हाई पाह्यजे," अण्णासाहेब म्हणाले, आणि आम्ही दोघांनी ते तैलचित्र माझ्या टेबलावर उताणं ठेवलं.

मंठ्याच्या अण्णासाहेबांकडे हे चित्र पणजोबांपासून आहे. हैदराबादच्या कुण्या नवाबाच्या लिलावातून आलेलं, तीनशे वर्षांपूर्वीचं, विलायतेतलं. लढाई चालली आहे. धूर, भाले, उधळलेले घोडे. चाळीस वर्षं मी जालन्याच्या मस्तगडात फ्रेमा करतो, पण असं चित्र हाताखाली कधी आलं नव्हतं.

"अबुबकरनं काय उजळलंय बघा! ह्यो पांढरा घोडा काजळीत पार बुडून गेल्ता. मंग, संध्याकाळी येतो. उद्या संभाजीनगरचे जाणकार येऊन राह्यलेत, काम बराबर करा."

अबुबकर माझा धाकटा चुलतभाऊ. फ्लेक्स येण्याआधी जालन्यातले निम्मे बोर्ड त्याच्या हातचे. मी जळतो त्याच्यावर, कशाला लपवू? दोघांनी एकाच उस्तादाकडे ब्रश धरला होता. महिनाभरात उस्ताद मला म्हणाले, "तू पट्ट्या काप." तेव्हापासून तो चित्रं काढतो आणि मी चौकटी ठोकतो. चित्रापुढे लोक उभे राहतात. चौकट कोण बघतो?

अण्णासाहेब गेल्यावर मी चष्मा पुसला, माप घ्यायला वाकलो आणि उडालोच. खालच्या कोपऱ्यात, पडलेल्या शिपायाच्या बुटाशी, बारीक लाल अक्षरं होती. 'अबुबकर आर्ट, मस्तगड.' पुढे मोबाईल नंबर!

बोर्ड रंगवला की कोपऱ्यात नाव-नंबर टाकायचा, ही त्याची सवय. पठ्ठ्यानं तीनशे वर्षांच्या लढाईवरही टाकला.

आधी हसू आलं. मग बरंच वाटलं, खरंच सांगतो. नेहमीची बारीक पट्टी लावायची आणि नाव उघडं राहू द्यायचं, बस्स. उद्या जाणकार हसतील, अण्णासाहेबांची लाज जाईल, आणि अबुबकरला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. मी करवत घेतली.

पण तो मेला पांढरा घोडा! त्याच्या डोळ्यात एवढासा पांढरा ठिपका होता. तिथला रंग उडाला होता, तो अबुबकरनं भरलेला. त्याचा हात मी लाखात ओळखतो. तसा ठिपका मला मरेपर्यंत जमला नसता.

नाव पुसायला जावं तर खालचा जुना रंग निघायचा. शिव्या घालत मी माळ्यावर चढलो आणि जाड पट्टी काढली. तिची आतली कड चित्रावर चांगली दोन बोटं चढते.

संध्याकाळी अण्णासाहेब आले, सोबत अबुबकर.

"चित्र झकास! फ्रेम मात्र लईच जाड केली राव. भाल्यांची टोकं झाकली की."

"जुन्या चित्राला जाडच लागते, अण्णासाहेब," मी म्हणालो.

अबुबकर कोपऱ्याकडे वाकून बघत होता. त्याचा चेहरा उतरला. अण्णासाहेब जीपचं दार उघडायला बाहेर गेले, तसा तो हळूच म्हणाला, "मेरा नाम ढाक दिये तुम? अब्बी तक जलते क्या मुझसे, भाई?"

"हाँ," मी म्हणालो. "जलता."

खोटं नव्हतं ते.

मग एका बाजूनं त्यानं उचललं, दुसऱ्या बाजूनं मी. जीपपर्यंत त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. माझा अंगठा त्या कोपऱ्यावर होता, बरोब्बर त्याच्या नावावर, आणि चित्र आत सरकेपर्यंत मी तो काढला नाही.