नाल्यावरून उचललेली फळी

फळी म्हटलं की तुम्ही नाक मुरडाल, ठाऊक आहे मला. पण मित्रांनो, मी अस्सल सागाची आहे. माझ्या अंगावर एक गाठ नाही.

सुतारानं मला केलं ते एका गोदामाचं दार म्हणून. गोदामवाला म्हणाला, "फार जड झालं." सुतार म्हणाला, "आत माल हलका असला की दार जड वाटतंच." आणि मला पाठीवर टाकून घरी घेऊन आला. त्याच्या दोन मुली. थोरली दिली होती नाल्याच्या अलीकडे, धाकटी पलीकडे. दोघींना एकमेकींकडे जाता यावं म्हणून त्यानं मला नाल्यावर आडवी टाकली. तेव्हापासून मी तिथेच.

किती पावलं गेली माझ्यावरून! प्रत्येकाला मी चालीवरून ओळखायची. थोरली टाचा आपटत यायची, धाकटी जपून. पुढे धाकटीचे गुडघे गेले आणि तिचं येणं थांबलं. मग थोरली रोज दुपारी गरम डबा घेऊन जायची. धाकटीचं दार माझ्यापासून चार पावलांवर, त्यामुळे सगळं ऐकू यायचं.

"ताई, आज मीठ कमी आहे."

"मीठ बरोबर आहे. तुझी जीभ लांब आहे."

मग दोघी हसायच्या. धाकटीला जवळचं असं दुसरं कुणी नव्हतं.

मग अलीकडच्या मोकळ्या जमिनीवर उंच इमारती उठल्या. एवढी माणसं आली, तर जोडरस्ता हवा. एक साहेब आला आणि म्हणाला, "रस्ता तुमचा आहे. कुठून न्यायचा ते तुम्हीच सांगा." चांगला होता बिचारा. सभा ठरली, माणसं जमली. नकाशा पसरायला टेबल मात्र कुणाला आठवलं नव्हतं.

कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, "ती नाल्यावरची फळी आणा की. तासाभराचा तर प्रश्न आहे."

दोघांनी मला उचललं, दोन पिंपांवर ठेवलं, वर चादर घातली. त्या शहाण्यांच्या एवढं लक्षात आलं नाही की मला उचललं तर पलीकडची तेरा घरं सभेला येणार कशी. ती माणसं काठावर येऊन थांबली. पुढे धाकटी, काठी टेकून. "ताई, फळी टाक ना गं," ती ओरडत होती. इकडे लाउडस्पीकर तपासायला मोठ्यानं आकडे मोजणं चाललं होतं, तिचं कुणाला ऐकू गेलं नाही.

साहेबानं सगळ्यांना लाल ठिपके वाटले. जिथून रस्ता जायला हवा तिथे चिकटवायचे. झालं. जो तो आधी आपलं घर शोधायला लागला आणि ठिपका आपल्याच दारासमोर. थोरलीनंही तेच केलं. अंगठ्यानं इतका जोरात दाबला की चादरीतून मला कळला. पलीकडची बाजू कोरी राहिली.

"पलीकडचे कुणी आलेत?" साहेबानं विचारलं.

"नाही साहेब. त्यांना कुठली आलीय हौस," दुकानदार म्हणाला.

साहेबानं मान वर करून नाल्याकडे पाहिलं. ओरडून थकलेली माणसं तोवर परत गेली होती, आणि नाल्यावर फळीही नव्हती. "इथून येणं-जाणं नाही," असं म्हणत त्यानं ते लिहून घेतलं. लिहिलं माझ्याच पाठीवर. बोलण्यात मी कुणाला हार जाणारी नाही, पण फळीचं कोण ऐकतं?

रस्ता झाला, छान झाला. नाल्याच्या काठानं भिंतही झाली आणि मला काढून बाजूला टाकलं. आता पलीकडे जायचं तर मोठ्या रस्त्यानं वळसा, दीड तासाची चाल. थोरलीचं वय काय, तिच्यानं ते होणार आहे का?

ती दुकानदारावर तुटून पडली. "फळी तू उचलायला लावलीस."

"लावली, मावशी. चुकलं माझं. पण तुमचा ठिपका कुठे होता?"

थोरली तशीच मागे वळली. ती मला ओढत अंगणात घेऊन आली.

तेव्हापासून मी इथे, अंगणाला लागलेल्या त्या नव्या भिंतीला टेकून उभी असते. कुणाचं पाऊल नाही, की शब्द नाही. दुपारी मात्र थोरली मला एकेक टोक उचलून दोन दगडांवर ठेवते, वर चढते आणि भिंतीपलीकडे हाक मारते, "जेवलीस का गं?"

खूप वेळानं बारीक आवाज येतो, "हो, ताई."

"खोटं बोलतेय," थोरली पुटपुटते. माझ्याशिवाय ते कुणी ऐकत नाही. ती टाचा न आपटता खाली उतरते.

मित्रांनो, उद्या तुमच्यासमोरही कुणी नकाशा पसरेल. आपलं दार शोधायच्या आधी एकदा मान वर करून बघा, काठावर कोण उभं राहिलंय. आणि माझ्यासाठी एवढंच करा, अधूनमधून तेलाचा हात फिरवा, वाळवी लागू देऊ नका. कधी कुणाला त्या भिंतीत वाट पाडायची बुद्धी झाली, तर मला मापून बघा म्हणावं. मुळात मी दारच आहे.