ओढ्याच्या चढावर रडणारी मोटार

“जरा सरक की गं बायनाबाई! माझ्या मांडीवर बसलीस ती बसलीस, वरून कोंबडी बी माझ्याच नाकाशी धरायलीस.”

“उगी बसा. ओढा आला. आता रडंल ती.”

मोटारीतली चुळबूळ थांबली. पोखर्णीच्या वाटेवरची ही सर्व्हिस मोटार. बारा माणसांच्या जागी पंचवीस बसलेली, टपावरची निराळी. चढ लागला तशी भुजंग ड्रायव्हरनं रेस दिली आणि मोटारीच्या पोटातून बाईचं रडणं निघालं. आधी बारीक, मग हुंदका ओढल्यासारखं लांब. चढ संपला, पाय सैल झाला, रडणंही थांबलं. कुणी हात जोडले, कुणी पायाशी बघत राहिलं. एकमेकांकडे मात्र कुणीच पाहिलं नाही.

पुढच्या बाकावर नर्मदाबाई तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या. रडत होती ती त्यांची थोरली लेक केवळा, असं गावानं ठरवलं होतं. केवळा गेल्या चैत्रात पहिल्या बाळंतपणात गेली. भुजंग तिचा नवरा आणि नर्मदाबाईंच्या नणंदेचा मुलगा. आईविना पोर म्हणून त्यांनीच घास भरवून वाढवलेला. बाजारात काही काम नसलं तरी नर्मदाबाई हल्ली दर बाजारी मोटारीत बसत. चढापुरती का होईना, लेक भेटत होती.

रडण्याचा अर्थ सांगायला सटवाजी भगत होताच. “आत्मा घुटमळायलाय! ती म्हणायलीय, माझा संसार अर्धा राहिला, माझ्या जागी धाकटीला बसवा, माझा टाक तिच्या गळ्यात घाला, मंग मी वाट सोडते!” जिवंतपणी केवळा चार शब्दांपुढे बोलत नसे. मेल्यावर तिला एवढं वक्तृत्व आलं, आणि तेही सटवाजीच्याच तोंडून.

दुसऱ्या बायकोनं मेलेल्या सवतीचा टाक, म्हणजे तिची छबी ठोकलेला चांदीचा पत्रा, गळ्यात घालायचा, ही रीतच होती. इथं सवत म्हणजे सख्खी बहीण. धाकटी कासा चौदा वर्षांची, तिला सातवीच्या परीक्षेला बसायचं होतं. उद्या तिला भुजंगाच्या नावाचं कुंकू लावायचं ठरलं होतं, आणि सोनारानं घडवलेला टाक आजच नर्मदाबाईंच्या पदराच्या गाठीत आला होता.

त्याच मोटारीत मागं नर्मदाबाईंचा भाऊ लिंबाजी बसला होता. येलदरीच्या धरणाच्या कामावर तो गाड्यांचा मिस्त्री होता आणि भाचीच्या कुंकवासाठी रजा काढून आला होता. चढावर तो मान वाकवून आवाज ऐकत राहिला होता. मोटार मारुतीसमोर थांबली, वाट बघत उभी असलेली कासा मामाकडे धावली, तेव्हा कुठं त्यानं तोंड उघडलं.

“भुजंगा, इंजिन बंद करू नको. कासे, चढ वर. उजव्या पायाखाली दांडी हाय, दाब.”

कासानं पाय दाबला. मारुतीच्या दारात, सगळ्यांच्या देखत, मोटार रडली.

“ओढा तर पाव कोस मागं राहिला,” लिंबाजी म्हणाला. “ही इथं कशी आली?”

“तिला कुणाची आडकाठी हाय?” सटवाजी पारावरून पुढं सरसावला. “बॉनेटला हात लावू नका मिस्त्री, कोप हुईल!”

“हू द्या. येलदरीला रोज चार गाड्या कोपतात. त्यावरच माझं पोट चालतं.”

त्यानं बॉनेट उघडलं. काठीचं एक टोक इंजिनावर, दुसरं कानाला लावलं आणि डॉक्टर छाती ऐकतात तसं जागोजाग ऐकलं. मग इंजिन थांबवून पंख्याचा पट्टा काढला, पुन्हा चालू केलं. कासानं पाय दाबला, रडणं तसंच. शेवटी त्यानं फडकं पाण्यात बुडवून सायलेन्सरचा पाइप इंजिनाला जोडतो तिथं दाबून धरलं. फडकं चर्र झालं. रडणं थांबलं. फडकं काढलं, रडणं आलं. धरलं, थांबलं.

“मामा, सोडा, हात भाजंल,” भुजंग म्हणाला.

“माझा न्हाई भाजत.”

इंजिन निवल्यावर लिंबाजीनं चार नट खोलले आणि जोडातल्या पॅकिंगमधून पत्र्याची एक पातळ पट्टी काढली. पोरांच्या पिपाणीत असते तशी.

“रेस दिली की धूर हितल्या फटीतून जोरात निघतो, अन् ही जीभ थरथरती. सपाटीला हळू हाकायचं, ओढ्याला पाय दाबायचा. झालं भूत! पॅकिंग आपोआप फाटलं तर नुसतं फुसफुसतं. ही पट्टी कात्रीनं कापलेली हाय. नट खोलल्याबिगर आत जात न्हाई.”

नट खोलायचा पाना गावात एकट्या भुजंगाकडेच होता. सटवाजी मारुतीच्या मागं कधी नाहीसा झाला, ते कुणाला कळलं नाही.

लिंबाजीनं पिशवीतलं नवं पॅकिंग घातलं, नट आवळले. कासानं पाय दाबला. मोटार नुसती मोटारीसारखी गुरगुरली. “आवाज आला की आधी बॉनेट उघडत जावा,” तो लोकांना म्हणाला. “हात जोडायला मागून लय वेळ मिळतो.”

नर्मदाबाई त्या आवाजाकडे कान लावून उभ्या होत्या. आता त्यात कुणीच नव्हतं. लेक दुसऱ्यांदा गेली होती, आणि या खेपेला तिला नेणारा भुजंग समोर उभा होता.

“भुजंगा, माझ्या हातचं खाऊन तू हे केलंस?”

“मामी, सरळ मागितली असती तर कासा दिली असती तुमी?”

“का न्हाई दिली असती, ते बी सांग.”

भुजंग खाली वाकून पाना पुसू लागला. कोंबडीवाली बायनाबाई म्हणाली, “जाऊ द्या आता. झालं गेलं.”

“न्हाई जाऊ द्यायचं.” नर्मदाबाईंचा आवाज चढला नाही. “केवळा अडली तवा ही मोटार माझ्या दारात हुती. परभणीचा दवाखाना तासाभरावर. हा म्हणला, सवाऱ्या बसल्यात, त्यांना बाळंतिणीचा विटाळ हुईल, परतताना नेतो. सवाऱ्या म्हंजे तुमीच हुतात. एक जण खाली उतरला न्हाई.” त्यांनी पदराची गाठ सोडून टाक भुजंगाच्या पुढ्यात बॉनेटवर ठेवला. “अन् उतरा म्हणून मी बी कुणाला म्हणलं न्हाई.”