सपाट बुडाचे नट

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शेडमधून बर्फात वापरायचे टायर बाहेर निघाले, तेव्हा मिनोरी खुशीत होती. खाचा चांगल्या खोल होत्या, अजून एक हिवाळा सहज निघाला असता. तिचे सासरे तोकुझो मात्र उकिडवे बसले, अंगठ्याचं नख रबरात रुतवून पाहिलं आणि त्यांनी मान हलवली. नख रुततच नव्हतं. नुसत्या खाचा बघून टायर ठेवणारा माणूस दात बघून जावई करेल, असं ते म्हणाले. बर्फावर गाडीला धरून ठेवतं ते मऊ रबर. ते एकदा कडक झालं की खाचा फक्त शोभेच्या.

तोकुझोंची अडतीस वर्षं बसडेपोत मेकॅनिकी करण्यात गेली होती. उत्तर जपानमधल्या आओमोरीच्या त्या डोंगराळ भागात त्यांच्या हाताखालून गेलेली बस कधी घाटात घसरली, असं कुणी ऐकलं नव्हतं. निदान त्यांनी तरी कुणाकडून ऐकून घेतलं नव्हतं. मिनोरी घरोघर जाऊन आजारी म्हाताऱ्यांचं करणारी नर्स. रोज सकाळी घाट ओलांडून पलीकडच्या तीन वाड्यांवर जायचं, म्हणजे डिसेंबर ते मार्च तिचा जीव त्या चार टायरांवर.

जुन्या लोखंडी रिम गंजल्या होत्या, म्हणून त्याही बदलायच्या ठरल्या. पुन्हा लोखंडीच घेऊ, दणकट असतात, असं मिनोरीचं म्हणणं. तोकुझोंनी ते कानाआड केलं. दोन रविवार जुन्या सामानाची दुकानं पालथी घालून त्यांनी ॲल्युमिनियमच्या हलक्या रिम शोधून आणल्या. कारण विचारलं तर दुसरीकडेच बघत म्हणाले, की उद्या मी नसलो तर तुला एकटीला उचलता यायला हव्यात. टायर नवे कोरे, कुदोच्या दुकानातले. कुदो डेपोत त्यांच्याच हाताखाली शिकलेला, आता स्वतःही पन्नाशीचा. टायर रिमवर चढवून देताना त्याने सहज विचारलं, की या रिमला नट कुठले लावणार? तोकुझो फणकारले. आता तू मला नट शिकवणार का, म्हणाले. कुदो हसला आणि त्याने पुढचा टायर चढवायला घेतला.

चाकं त्यांनी नेहमीसारखी अंगणात स्वतःच बदलली. मिनोरीचा नवरा वातारू पाच वर्षांपूर्वी पोटाच्या कॅन्सरने गेला, तेव्हापासून म्हातारा घरात असून नसल्यासारखा होता. आता ही माहेरी जाणार, असं सगळी आळी म्हणत होती. ती गेली नाही. सासरा आणि सून एका छपराखाली राहत, एका टेबलाशी जेवत आणि मोजकं बोलत. वर्षातून दोनच दिवस, हिवाळ्याआधी आणि हिवाळ्यानंतर चाकं बदलायचे, तोकुझो दहा वर्षांनी लहान दिसत. त्या दिवशी ते तिच्यावर ओरडत, चहा गार दिला म्हणून कुरकुरत, डेपोतले किस्से सांगत. मिनोरीला त्या ओरडण्याचं फार अप्रूप होतं.

चाकं बदलल्यानंतरच्या गुरुवारी घाटाच्या उतारावर पुढच्या डाव्या चाकातून खटखट ऐकू यायला लागली. मिनोरीने गाडी कडेला घेतली, खाली उतरली आणि हातमोजा काढून नटाला हात लावला. नट बोटांनी फिरला. त्याच्या शेजारचाही फिरला. समोर बर्फाने झाकलेला कठडा होता आणि त्याखाली काय आहे ते तिला चांगलं ठाऊक होतं.

गाडीतल्या पान्याने नट जमतील तेवढे आवळून ती मुंगीच्या पावलाने कुदोच्या दुकानात पोहोचली. कुदोने एक नट काढून तळहातावर ठेवला. गाडीबरोबर आलेले नट बुडाला सपाट होते. या रिमच्या भोकांना निमुळत्या बुडाचे लागत. सपाट नट तिथे नीट बसतच नाही, कितीही आवळा, चाकाच्या हादऱ्याने सुटत जातो. कुणी बसवले, असं त्याने विचारलं.

"मीच," मिनोरी म्हणाली. "बाबांना म्हटलं, या वेळी मला करू द्या."

कुदोने तिच्याकडे नीट पाहिलं, मग निमूटपणे सोळाच्या सोळा नट बदलले. घरी जाताना तिला हलकं वाटलं. म्हाताऱ्याचे दोन दिवस वाचले होते.

पण चाक बदलल्यावर शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळून बघायचे, हा डेपोचा नियम तिच्या लक्षातच राहिला नाही. रविवारी ती स्वयंपाकघरात लोणच्यासाठी मुळे निवडत होती, आणि तोकुझो लांब पाना घेऊन अंगणात गेले. थोड्या वेळाने त्यांची हाक आली. ओरडण्याची नव्हती, म्हणूनच ती धास्तावली.

ते गाडीशेजारी उलट्या बादलीवर बसले होते. हातात एक नट.

"हे माझे नाहीत."

मिनोरीने ओले हात पुसले.

"निमुळते आहेत. बरोबर आहेत." ते नटाशीच बोलल्यासारखे म्हणाले. "कुठलं चाक?"

"पुढचं डावं."

"कुठे?"

"घाटात. उतारावर."

तोकुझोंच्या तोंडावरचा रंग उतरला. मग त्यांनी कुदोला काय सांगितलंस ते विचारलं, आणि तिने तेही खरं सांगितलं. ते उठले, घरात गेले, दाढी करून, लग्नाकार्यात घालायचा कोट घालून बाहेर आले. म्हणाले, "चल."

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. तोकुझोंनी टोपी काढली आणि आपल्याच शागिर्दापुढे कमरेतून वाकले. नट मी बसवले होते, चूक माझी, हिची नाही, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. कुदो कावराबावरा झाला. त्याने त्यांना हाताला धरून बाजूला नेलं.

"उस्ताद, मला त्याच दिवशी कळलं होतं. बाकीचे नट सगळे एका मापाने आवळलेले होते. तो नवख्याचा हात नव्हे."

"कळलं होतं, आणि तू फोनही केला नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

तोकुझोंनी त्याच्याकडे पाहिलं, टोपी घातली आणि बाहेर येऊन गाडीत बसले.

परतीच्या वाटेवर मिनोरीला एकच भीती होती. आता हे पान्याला पुन्हा हात लावणार नाहीत. हे आता खोलीतून बाहेरच येणार नाहीत. तिने माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात तेच बोलले.

"वातारूचं दुखणं तुम्ही दोघांनी माझ्यापासून चार महिने लपवलंत."

तिने स्टिअरिंग घट्ट धरलं.

"मला वाईट वाटू नये म्हणून. खरं ना? त्या चार महिन्यांत मी त्याच्याशी काय बोललो, आठवतं तुला? छपरावरचा बर्फ काढायला चढत नाही म्हणून त्याला आळशी म्हणालो. बायकोच्या पदराआड लपतो म्हणालो. आणि तो हसला. मला काही न सांगता हसला आणि शिडी लावून चढला."

काचेवरचा वायपर फिरत राहिला. मिनोरीला तो दिवस आठवत होता. वर चढलेल्या वातारूला तिने खालून खुणा करून उतरायला सांगितलं होतं आणि त्याने मान हलवून नको म्हटलं होतं.

"मला वाईट वाटू दे गं," तोकुझो म्हणाले. "चुकलो तर चुकलो म्हणू दे. माझ्या मनाला जपत बसता आणि मी इथे नको नको ते बोलत बसतो. माझ्या चुकीने तू घाटात मेली असतीस, आणि तेही मला कुणी सांगितलं नसतं?"

मिनोरीला रडू आवरेना. समोरचा रस्ता दिसेना, तेव्हा तिने पुलाच्या अलीकडे गाडी कडेला लावली. त्या चार महिन्यांत काय घडलं, ते तिने कुणाला कधी सांगितलं नव्हतं. वातारूने शपथ घातली होती, आणि तो गेल्यावर ती मोडावी लागेल असं कुणी काही विचारलंच नव्हतं.

"त्या दिवशी छपरावरून उतरल्यावर तो शेडमध्ये जाऊन उलटी करत होता," ती म्हणाली. "रक्त होतं. मी म्हटलं, आता तरी बाबांना सांग. तो म्हणाला, उद्या. रोज उद्या म्हणायचा. त्याला तुमची भीती नव्हती, बाबा. तुम्ही त्याच्यावर ओरडत होता ना, तेवढाच वेळ त्याला बरं असल्यासारखं वाटायचं."

तोकुझोंनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पुढे सांग," ते म्हणाले.

तिने सांगितलं, पहिल्या दिवसापासून.