बॅटरीला सोसत नाही

अप्पारावांनी जन्मभर एकच विद्या कमावली होती: वस्तू कुणाला वापरू द्यायची नाही. अंबडला एका सरकारी भांडारात ते एकतीस वर्षं भांडारपाल होते. मागायला येईल त्याला आधी अर्ज, अर्जावर सही, सहीवर शिक्का, आणि शिक्का मिळेपर्यंत साहेब रजेवर. ते निवृत्त झाले तेव्हा भांडारातल्या निम्म्या पाण्याच्या मोटारी खोक्यातच गंजून गेल्या होत्या, पण खोक्यांवर 'नवीन' असं लिहिलेलं जसंच्या तसं होतं. याबद्दल त्यांना शाल आणि गुच्छ मिळाला. बेबीनंदा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं, असं ती आता स्वतःला सुनावते.

कारण त्याच महिन्यात अप्पारावांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आणली आणि नवीन जालन्यातल्या घरासमोर उभी केली. आत पलंग, ओटा, संडास, टीचभर फ्रिज, आणि या सगळ्याला वीज पुरवायला लिथियमची मोठी बॅटरी. "तुला बुद्धगयेला नेतो," त्यांनी कॉलनीदेखत सांगितलं. बेबीनंदाने तीस वर्षं अंगणवाडीत लोकांची पोरं सांभाळली होती. कुठे जायचं म्हटलं की सुट्टी नसायची, सुट्टी मिळाली की घरात कुणीतरी आजारी पडायचं. त्यात साखरेने डोळ्यांचा पडदा धरला होता. सुया टोचून झाल्या, लेसर झाला. डॉक्टरने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की नजर आहे तोवर बघायचं ते बघून घ्या, गेलेली परत येत नाही. आणि तिला बघायचा होता तो एक बोधिवृक्ष. आईच्या घरी त्याचा फोटो होता, पण फोटो पाहून कुणाचं पोट भरतं?

गाडी आली त्याला तीन वर्षं झाली. गाडी घरासमोरून हलली नाही.

आधी रंग उडू नये म्हणून अप्पारावांनी तिच्यावर पत्र्याचं शेड घातलं. गाडीच्या टपावर सोलरच्या पाट्या होत्या. म्हणजे टपावर पाट्या आणि पाट्यांवर पत्रे. सूर्याला आत यायची परवानगी नव्हती. मग बॅटरी घरातल्या विजेवर चार्ज होऊ लागली, आणि अप्पारावांना मोबाइलवर तिच्या टक्क्यांचा आकडा दिसू लागला. तिथून माणूस हातचा गेला. कुठेतरी वाचलं होतं की ऐंशीच्या वर भरली की हिचं आयुष्य कमी होतं. झालं. ऐंशीला चार्जर बंद. मग एक दिवा लावून ठेवायचा, साठावर आली की दिवा बंद. पुन्हा चार्जर. जाणं नाही, येणं नाही, बॅटरी आपली जागच्या जागी वर चढतेय, खाली उतरतेय.

"औंदा उन्हाळ्यात निघू," बेबीनंदा म्हणाली.

"उन्हाळ्यात? त्रेचाळीस डिग्री असती. बॅटरीला सोसत न्हाई."

तिच्या अंगाला ते त्रेचाळीस सोसायचं, त्याबद्दल कुठे काही लिहून आलं नव्हतं. मे महिन्यात घरातला कूलर शेडमध्ये गेला. बेबीनंदा पदराने वारा घेत भाकरी थापत होती आणि बॅटरी गारव्याला बसली होती. दुपारी लाईट गेली की कूलर बंद, आणि पत्र्याची भट्टी होई. मग अप्पाराव ओलं गोणपाट घेऊन पत्र्यावर चढत. स्वतःच्या आईच्या शेवटच्या तापात त्यांनी कपाळावरची पट्टी एकदाही बदलली नव्हती, हे बेबीनंदा खालून बघता बघता आठवत असे.

पावसाळ्यात दमट हवा नको. हिवाळ्यात तर आणखी मजा. शून्याच्या खाली ही बॅटरी चार्ज करू नये, असा नियम त्यांना सापडला. जालन्यात पाणी गोठल्याचं कुणाच्या पणजोबानेही ऐकलं नव्हतं, पण नियम तो नियम. "तुझं इन्सुलिन फ्रिजमधी राहणार है. फ्रिज बॅटरीवर. उद्या रस्त्यात बॅटरी गेली तर? तुझ्यासाठीच जपून राह्यलो," ते म्हणत. असं म्हटल्यावर बाईने बोलायचं काय?

दुसऱ्या हिवाळ्यात विहारातल्या बायकांनी रेल्वेने बुद्धगयेला जायचं ठरवलं. प्रियदर्शनी बाई दोनदा बोलवायला आल्या. अप्पारावांनी परस्पर सांगितलं, "दारात सोताची गाडी उभी असताना हिनं रेल्वेत कामून लोंबकळायचं?" आणि बेबीनंदा गप्प राहिली. त्यांच्यावरचा राग एक वेळ शमेल, पण तेव्हा स्वतःचं तोंड शिवून बसली होती त्याचा राग तिला आजही येतो. बायका जाऊन आल्या. तिच्यासाठी त्यांनी झाडाचं एक पान आणलं. तिने ते डाव्या डोळ्याने पाहायचा प्रयत्न केला, तर तो डोळा नुसता धूर झाला होता. उजव्याने पाहिलं.

या वर्षी दिवाळीनंतर उजवाही फिरला. जिकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं, कडेकडेचं तेवढं राहायचं. ताटाकडे बघितलं तर ताट गायब, ताटाबाहेरचा तांब्या ठणठणीत. ती अप्पारावांजवळ जाऊन बसली. "अहो, आता उजव्याचंबी तसंच व्हायलंय."

"अठ्ठावन्नवर है," अप्पाराव मोबाइलमध्ये बघत म्हणाले.

बेबीनंदा रडली नाही. रडायलाही समोर माणूस लागतो. तिने दुसऱ्या दिवशी पोळी वाढता वाढता सांगून टाकलं, "सोमवारी निघायचं. न्हाई तर मी एकटी टेसनात जाते. लोक हात धरून बसवून देतील गाडीत." अप्पाराव घाबरले. तिला नव्हे, लोकांना. अधू डोळ्यांच्या बायकोला एकटी सोडली, असं कॉलनीत झालं असतं. त्यांनी डबे भरले, गादीवरचं तीन वर्षांचं प्लास्टिक काढलं, आणि शनिवारी दुपारी इन्सुलिन ठेवून फ्रिज चालू केला. मोबाइल सांगत होता, बासष्ट टक्के. तासाभरात फ्रिज, पंखा, दिवा, सगळं एकदम बंद पडलं. मोबाइल तरी बासष्टच म्हणत होता. म्हणता म्हणता त्याचीही बोलती बंद झाली.

अक्षताला बोलावलं. ही बेबीनंदाच्या भावाची मुलगी, अप्पारावांना मामा म्हणते, इलेक्ट्रिक रिक्षांच्या बॅटऱ्या दुरुस्त करते. तिने झाकण उघडलं आणि एकेका सेलला मीटर लावून पाहिलं.

"मामा, ही कधी गच्च भरली होती?"

"कधीच न्हाई," अप्पाराव छाती काढून म्हणाले. "ऐंशीच्या वर बिलकुल जाऊ दिली न्हाई."

"तेच झालंय. आत चार सेल हैत. अधूनमधून गच्च भरली तरच ते चारी बराबर होतात, अन् आकडाबी खरा होतो. एक सेल कधीचाच खाली बसलाय. तो संपला की आतलं सर्किट समदी बॅटरी बंद करतंय. तुमचा बासष्ट नुसता अंदाज होता."

"पण लिहिल्तं की ऐंशी..."

"ठेवून द्यायची असली तर. फिरायचं असलं तर भरायची, वापरायची, पुन्हा भरायची. तिचं कामच ते है."

अप्पारावांनी शेडचा खांब धरला. "पण जपली न मी? आयुष्य तर वाढलं असंल?"

अक्षता मामांना दुखवायची नाही, पण खोटंही बोलायची नाही. "ही वापरली न्हाई तरी म्हातारी होती, मामा. अन् पत्र्याखाली जरा जल्दीच. तीन वर्षं रोज हिंडला असता, तर उलीशी जास्त झिजली असती, बस. चालंल अजून. दोन दिवस हळूहळू गच्च भरू द्या, मंग निघा."

बेबीनंदा पायरीवर बसून ऐकत होती. या दिवसाची तिने तीन वर्षं वाट पाहिली होती. कुणीतरी यांना तोंडावर सांगावं आणि आपण पोट भरून हसावं. हसू आलं नाही. उलट डोक्यात सणक गेली. ही तीन वर्षं बॅटरीच्याही कामी आली नव्हती. कुणाच्या तरी कामी आली असती, तर निदान कुणाला तरी मिळाली म्हटलं असतं.

मंगळवारी सकाळी अप्पाराव शेडमधून धावत आले. धावताना त्यांना कॉलनीने प्रथमच पाहिलं असेल. त्यांनी मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. "वाच. तुझ्यासाठी केलं. वाच की."

तिला उजेड दिसला, आणि उजेडाच्या कडेला त्यांचा अंगठा. मध्ये काही नव्हतं.

"तुम्हीच वाचा," ती म्हणाली.

"शंभर है. एवढा मोठा आकडा..." आणि ते थांबले. मोबाइल त्यांनी थोडा डावीकडे नेला, मग उजवीकडे. तिचे डोळे त्याच्यामागे गेले नाहीत. "हे कव्हापासून?"

"तुम्ही अठ्ठावन्न म्हणलात त्या दिवशी सांगितल्तं."

अप्पाराव खाली बसले. एखादी वस्तू मागायला आलेल्या माणसासारखे म्हणाले, "मंग आता जायचं का न्हाई?"

तिच्या मनात सगळं येऊन गेलं. झाडाभोवतीचं कुंपण दिसेल, माणसं दिसतील, झाडाकडे बघितलं की झाड तेवढं जाईल. या माणसाने तिचं झाड खाल्लं होतं. हे त्यांना सांगावं असं तिला वाटलं, पण त्यांच्या तोंडावरून ते त्यांना कळलेलं दिसत होतं. म्हणजे दिसत नव्हतं, आवाजावरून.

"जायचं," ती म्हणाली. "मी घरी बसून तुमचा आकडा ऐकणार न्हाई."

गाव मागे पडलं, सिंदखेडराजाचा रस्ता लागला. अप्पाराव गाडी अशी चालवत होते की सायकलवाले पुढे जात होते.

"डावीकडं काय है?" तिने विचारलं.

"शेत."

"कशाचं?"

त्यांना मान वळवून बघावं लागलं. "तूर. न्हाई, कापूस है. बाया वेचून राह्यल्या."

"किती?"

एवढा हिशोब त्यांना रस्त्यावर कुणी विचारला नव्हता. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि मोजल्या. "सहा. एक म्हातारी है, तिनं बाप्याचा शर्ट घातलाय लुगड्यावर."

"असं सांगायचं. बुद्धगयेपर्यंत. अन् तिथं गेल्यावर झाडाचं तर फांदी-फांदी सांगायचं."

तेवढ्यात मोबाइलने टुणकन आवाज केला. अप्पारावांचा हात खिशाकडे गेला. समोरचं तिला दिसत नसलं तरी कडेचं दिसत होतं, आणि तो हात अगदी कडेला होता.

"आपल्या दोघांत धड डोळे आता तुमचेच हैत," ती म्हणाली. "ते त्या फोनात घालू नका."

त्यांनी हात परत स्टिअरिंगवर ठेवला. गाडी सुरू केली नाही. पुन्हा एकदा शेताकडे बघत बसले, आणि मग म्हणाले, "सात हैत. एक वाकल्ती, मला दिसलीच न्हाई."